विहिरीत डोकावणारी नगरपालिका

लंडनच्या सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाची गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक झाली आहे. १८५४ सालच्या ऑगस्टच्या शेवटच्या रात्री त्या वस्तीत पटकीची लागण झाली आणि दहा दिवसांत पाचशेंवर माणसे मेली. डॉ. जॉन स्नो नावाच्या एका अबोल वैद्याने मेलेल्यांच्या घरांचा हिशेब मांडला, ती सारी एका पंपाभोवती गोळा झालेली पाहिली, आणि पंपाचा दांडा काढावयास लावून साथ थांबवली. गोष्ट सुटसुटीत आहे. व्याख्यानात सांगायला सोयीची आहे. एक बुद्धिमान माणूस, एक दांडा आणि शेवटी विजय!

परंतु सुटसुटीत गोष्टींकडे जरा संशयानेच पाहावे. एक तर दांडा काढला तो ८ सप्टेंबरला. मृत्यूंचा कळस होऊन गेला होता तो महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच. ज्यांना पळणे शक्य होते ते केव्हाच पळाले होते आणि साथ आपल्या पावलांनी उतरणीला लागली होती. दुसरे असे की, दांडा निघाला तरी स्नोचे म्हणणे कोणाला पटले नव्हते. सरकारच्या आरोग्य मंडळाने ते साफ नाकारले. रोग दुर्गंधीतून पसरतो, ही त्या काळच्या शहाण्यांची समजूत. आणि शहाण्यांची समजूत दांड्यासारखी स्क्रू काढून वेगळी करता येत नाही.

मग पाण्याचा गुन्हा सिद्ध झाला तो कसा? गोष्टीचा हा भाग सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तर तोच अधिक मोलाचा वाटतो. तो सिद्ध केला एका व्हेस्ट्रीने. व्हेस्ट्री म्हणजे पॅरिशचा कारभार पाहणारी पंचायत. त्या काळचे लंडन म्हणजे अशा लहानमोठ्या पॅरिशांचे गाठोडेच होते. दिवे, फरसबंदी, गटारे, गोरगरीब यांची कामे हीच मंडळी पाहत. सभासद कोण, तर त्याच वस्तीतले दुकानदार, कारागीर, एखाददुसरा वैद्य. आपल्या नगरपरिषदेच्या सभेत बसणाऱ्या मंडळींहून फारसे निराळे नव्हेत. नोव्हेंबर १८५४ मध्ये सेंट जेम्स पॅरिशच्या या व्हेस्ट्रीने, डॉ. एडविन लँकेस्टर यांच्या सूचनेवरून, आपल्या वस्तीत घडलेल्या अनर्थाची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. सरकारी आरोग्य मंडळाकडे तिने त्यांच्या निरीक्षकांची टिपणे मागितली. मंडळाने ती देण्यास नकार दिला. आता वरिष्ठ कचेरी कागद देत नाही म्हटल्यावर आपल्याकडच्या समितीने काय केले असते, याची कल्पना वाचकांनी आपापल्या गावावरून करावी. सोहोच्या पंचायतीने काय केले? आपणच घरोघर जायचे ठरवले.

प्रथम त्यांनी छापील प्रश्न वाटून पाहिले. त्यांना फारशी उत्तरे आली नाहीत, हे वेगळे सांगायला नकोच. कागदाला माणूस उत्तर देत नाही, माणसाला देतो. पुढे समितीत स्वतः स्नो आला आणि त्याच्याबरोबर आला हेन्री व्हाइटहेड नावाचा एकोणतीस वर्षांचा तरुण धर्मोपदेशक. हा बर्विक स्ट्रीटवरच्या सेंट ल्यूक्स चर्चमधला. साथीत तो रात्रंदिवस मरणाऱ्यांच्या उशाशी बसलेला. त्यामुळे गल्लीतले एकूण एक घर त्याच्या परिचयाचे. आणि गंमत अशी की, स्नोचे म्हणणे खोटे आहे अशी त्याची खात्री होती! ते खोडून काढण्याच्या इराद्यानेच तो कामाला लागला.

या व्हाइटहेडने केले ते कोणत्याही विद्यापीठात शिकून केलेले नव्हते. ब्रॉड स्ट्रीटवर साथीच्या आधी राहत होते ८९६ जीव. त्यांतले ९० मेले. स्नोने मेलेल्यांची चौकशी केली होती. व्हाइटहेडने वाचलेल्यांचीही केली. वाचायला अगदी साधी गोष्ट. परंतु साऱ्या विद्येचे मर्म या एका फरकात आहे. मेलेल्या शंभरांपैकी नव्वदांनी पंपाचे पाणी प्यायले होते असे कळले, तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कारण कदाचित सगळी गल्लीच ते पाणी पीत असेल. जे जगले त्यांनी ते प्यायले होते का, हे विचारल्यावाचून आरोप उभा राहत नाही. त्यासाठी तो काही घरांत चारचार, पाचपाच वेळा गेला. पांगलेली माणसे गाठून त्याने त्यांना विचारले. पहिल्या भेटीत माणसाला आठवत नाही. दुसऱ्या भेटीत बायकोला आठवते. तिसऱ्या भेटीत पाणी भरायला जाणारे पोर बोलते. अखेरीस हिशेब असा लागला : पंपाचे पाणी प्यायलेल्या १३७ जणांपैकी ८० जणांना पटकी झाली; न प्यायलेल्या २९७ जणांपैकी झाली फक्त २० जणांना. शंभरी अठ्ठावन्न एकीकडे, शंभरी सात दुसरीकडे. व्हाइटहेडने आपले मत बदलले. ते त्याने मोकळेपणाने जाहीर केले, यात मला त्याच्या आकड्यांइतकीच थोरवी दिसते.

त्याने आणखी एक चमत्कारिक गोष्ट टिपली होती. एकट्यादुकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या विधवा या साथीतून बऱ्याच वाचल्या. दुर्गंधीच्या सिद्धांताप्रमाणे त्या आधी मरायला हव्या होत्या. त्या वाचल्या, कारण पंपावरून पाणी आणून द्यायला त्यांना कोणी नव्हते! असले निरीक्षण कचेरीत बसून होत नाही. जिने चढावे लागतात.

आता दांड्याची गोष्ट पुन्हा घेऊ. १८५५ च्या वसंतात नोंदणी खात्याचे तक्ते चाळताना व्हाइटहेडची नजर एका ओळीवर अडली : ब्रॉड स्ट्रीट, घर नंबर ४०, पाच महिन्यांची मुलगी, अतिसाराने थकवा येऊन मृत्यू, तारीख २ सप्टेंबर. चाळीस नंबर म्हणजे पंपाला लागूनच असलेले घर. मूल आजारी पडले होते ते ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे साथीचा स्फोट होण्याच्या आधी. तो तडक त्या मुलीच्या आईकडे गेला. तिने सांगितले, दुपटी बादलीत धुतली आणि ते पाणी घरासमोरच्या मैलाकुंडीत ओतले. समितीने लगेच जेहोशाफाट यॉर्क नावाच्या सर्व्हेअरला खणायला सांगितले. विहीर त्याआधी एकदा तपासून झाली होती आणि निर्दोष ठरली होती. पण ती आतून तपासली होती. यॉर्कने बाहेरून, मैलाकुंडीच्या बाजूने खणले. कुंडीच्या विटा भुसभुशीत होऊन गेलेल्या, कुंडी आणि विहीर यांत अंतर तीन फुटांहूनही कमी, आणि मधली माती मैल्याने भिजलेली. पुरावा पुरा झाला.

त्या मुलीचा बाप पोलिसात शिपाई होता. तो आजारी पडला ८ सप्टेंबरला, म्हणजे नेमका ज्या दिवशी दांडा काढला त्याच दिवशी, आणि १९ तारखेला वारला. त्याची घाणही त्याच कुंडीत जात होती. म्हणजे दांडा काढून पहिली साथ थांबली नसेल, परंतु त्याच विहिरीतून उसळणारी दुसरी साथ मात्र अडली, असे म्हणावयास जागा आहे. व्हाइटहेडनेच ते दाखवून दिले. सुटसुटीत गोष्ट खोटी ठरली, आणि तिच्यापेक्षा खरी गोष्टच अधिक रोमहर्षक निघाली. पुढे काही काळाने रहिवाशांच्या आग्रहाखातर तोच पंप पुन्हा सुरू झाला, हेही सांगून टाकतो. त्याचे पाणी चवीला म्हणे फार गोड होते.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी आपल्या कलकत्त्यात येऊन पक्का केला तो १८८४ साली. म्हणजे सोहोच्या पंचायतीने चोर पकडला तेव्हा चोराचा चेहरा कोणी पाहिलेला नव्हता. त्यांच्याजवळ होती फक्त पावलांची माग.

इथे माझ्या विषयातली एक गोष्ट बोलून घेतो. ‘संशोधन’ या शब्दाचे आम्ही मंडळींनी फार नुकसान केले आहे. संशोधन म्हटले की पीएच. डी.चा जाडजूड प्रबंध, मागे संदर्भांची शेपटी, आणि कपाटातली वाळवी, असेच चित्र डोळ्यांपुढे येते. मराठी भाषा मात्र या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. माग काढणे, छडा लावणे, पडताळा पाहणे, ताळा करणे, पाळत ठेवणे, खातरजमा करून घेणे हे सगळे शब्द पागी, सोनार, वाणी आणि कुळकर्णी यांच्या रोजच्या व्यवहारातले आहेत. नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षकाला ‘संशोधन करा’ म्हटले तर तो दचकेल; ‘छडा लावा’ म्हटले तर चप्पल घालून निघेल.

इंग्लंडात या चपला घालून निघण्याला लौकरच कायद्याचे रूप आले. लिव्हरपूल शहराने १८४७ सालापासूनच डॉ. डंकन यांना आरोग्याधिकारी नेमले होते. १८५५ च्या कायद्याने लंडनच्या व्हेस्ट्रींना असा अधिकारी नेमणे भाग पडले, आणि सेंट जेम्सने कोणाला नेमले? त्याच लँकेस्टर यांना. पुढची शंभर वर्षे हे आरोग्याधिकारी दर साल आपापल्या वॉर्डाचे अहवाल छापीत राहिले. कोणत्या गल्लीत किती बाळे दगावली, कोणत्या गवळ्याच्या दुधाने घसा धरला, तळघरात किती कुटुंबे कोंबली आहेत, हे सारे त्या रुक्ष पानांत आहे. पुढे १९७४ मध्ये हे काम नगरपालिकांकडून काढून राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे दिले गेले, आणि १ एप्रिल २०१३ पासून इंग्लंडात ते पुन्हा नगरपालिकांच्या पदरात आले. चाळीस वर्षांनी माहेरी परतलेल्या लेकीसारखी त्याची गत झाली. घर तेच, पण कुठे काय ठेवले आहे ते कोणालाच आठवेना.

त्यातून तिथे एक नवा प्रयोग निघाला आहे, तो आपण लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. सरकारी पैशांतून आरोग्यविषयक संशोधनाला मदत देणारी जी संस्था ब्रिटनमध्ये आहे, नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ अँड केअर रिसर्च, तिने २०२२ पासून निवडक नगरपालिकांना संशोधनाची घडी बसवण्यासाठी पाच वर्षांकरिता पन्नास लाख पौंडांपर्यंत देण्यास सुरुवात केली. ॲबर्डीन, न्यूकॅसल, प्लिमथ, लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स ही त्यांतली काही नावे. विशेष हे की पैसा विद्यापीठाला मिळत नाही, नगरपालिकेला मिळतो. विद्यापीठ असते भागीदार. संशोधक नगरपालिकेच्या कचेरीत टेबल मांडून बसतो. घरबांधणी, वाहतूक, शाळा, बागा या खात्यांतल्या कारकुनांना आणि अधिकाऱ्यांना आपल्याच कामाचा पडताळा कसा पाहावा, हे तो शिकवतो, आणि त्यांच्याकडून कारभार कसा चालतो हे शिकतो. आजारपण इस्पितळात दिसते, पण जन्मते ते ओलसर भिंतीत, धुराच्या रस्त्यात आणि रिकाम्या खिशात. आणि यांतल्या पुष्कळशा गोष्टी नगरपालिकेच्या हाताखाली येतात, हा त्यामागचा विचार आहे.

या संसारात भांडणे नाहीत असे समजू नये. नगरपालिकेला उत्तर हवे असते पुढच्या सभेआधी. प्राध्यापकाला तीन वर्षे लागतात, आणि तीन वर्षांनी तो म्हणतो, अधिक अभ्यासाची गरज आहे! शिवाय ज्या योजनेच्या फलकावर आपले नाव कोरलेले आहे तिचा काही उपयोग झाला नाही, हे ऐकायला कोणता नगरसेवक राजी असतो? सेंट जेम्सच्या समितीने स्वतःच्याच वस्तीतली, स्वतःच्याच लोकांची आवडती विहीर दोषी ठरवली. हे धैर्य अनुदानाने मिळत नाही. मात्र अनुदान असेल तर त्याला बसायला खुर्ची तरी मिळते.

आता जरा घरच्या विहिरीत डोकावू. मुंबईला याचा वारसा नाही असे नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे निदान केले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, आणि ते मुंबई महापालिकेचे सभासद होते. आपल्या वॉर्डात हिंडणाऱ्या सभासदाच्याच नजरेला ती गोष्ट पडली. पण मला अधिक शिकवणारी वाटते ती हिवतापाची कथा. मुंबईत डासांना काय तोटा! परंतु सगळेच डास हिवताप देत नाहीत. प्लेगचा पिसू उंदरावरून माणसावर येतो हे दाखवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या डॉ. ग्लेन लिस्टन यांनी १९०१ साली एका डासाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्याचे नाव ॲनॉफेलीस स्टीफेन्सी. हा डास गटारातल्या घाणीत राहत नाही. स्वच्छ पाण्यात, म्हणजे विहिरीत, टाक्यांत, कारंज्यांत अंडी घालतो. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर सविस्तर अहवाल दिला, आणि दोषाचे बोट ठेवले ते शहरातल्या विहिरींवर.

म्हणजे पुन्हा विहीर! इथे मात्र पाणी पिऊन नव्हे, तर पाण्यावरून उडून आलेला रोग. कोणता डास कुठे वाढतो हे एकदा कळल्यावर प्रत्येक डबक्यामागे धावण्याची गरज उरली नाही. विहिरी झाका, बुजवा, टाक्यांना घट्ट झाकणे लावा, एवढ्यावर जोर देता आला. बोलायला हे सोपे. पारशी समाजाच्या धर्मविधींत विहिरीच्या पाण्याला मोठे स्थान. त्यांनी विहिरी झाकण्यास विरोध केला, आणि तो केवळ हट्ट म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही श्रद्धेने जपलेली आहे. शास्त्र विहिरीतला डास ओळखते. विहिरीकाठची माणसे ओळखायला नगरपालिकाच लागते. मुंबई महापालिकेचे कीटकनाशक खाते अजूनही गच्चीगच्चीवर चढून टाक्यांची झाकणे तपासते, आणि झाकण उघडे सापडले तर नोटीस देते. हाच स्टीफेन्सी डास २०१२ साली आफ्रिकेत जिबूतीमध्ये सापडला आणि त्यानंतर इथिओपियासह अनेक देशांच्या शहरांत पसरला. तिथल्या नगरपालिकांना आज जे कोडे पडले आहे त्याच्याशी मुंबईची शंभर वर्षांहून अधिक ओळख आहे.

आणि अगदी परवाचे उदाहरण पुण्याचे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला एकाएकी हातापायांतली शक्ती जाणारे रुग्ण वाढू लागले. गियाँ-बारे सिंड्रोम हे जड नाव तेव्हा रिक्षावाल्यांच्याही तोंडी झाले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेंवर गेली. ही गावे अलीकडच्या वर्षांतच महापालिकेच्या हद्दीत आलेली. घरे झाली, इमारती झाल्या, पण पाण्याची शुद्धीकरणाची व्यवस्था मागे राहिलेली. नांदेड परिसरातली विहीर संशयाच्या भोवऱ्यात आली. राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आणि नोरोव्हायरस आढळले. घरोघर पाहणी झाली, पाण्याचे नमुने घेतले गेले, खाजगी शुद्धीकरण केंद्रांना टाळी लागली. पुण्याचे नशीब असे की १९५२ पासून ही विषाणू संस्था त्याच गावात आहे. एखाद्या लहान नगरपरिषदेच्या हद्दीत हेच घडले असते तर? नमुना कोणत्या बाटलीत घ्यायचा, इथपासून प्रश्न सुरू झाला असता.

आमच्याकडे कायद्याची उणीव नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याच हाती आहेत. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी सार्वजनिक आरोग्य हा विषय पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या यादीत घातला. आकड्यांचीही उणीव नाही. आरोग्य सेविका लिहिते, आशाताई लिहिते, ग्रामसेवक जन्ममृत्यू लिहितो. लिहून लिहून त्यांची बोटे दुखतात. पण हे आकडे पावसाच्या पाण्याच्या उलट वागतात. ते खालून वर वाहतात आणि वरच अडकून राहतात. ज्या केंद्रातून तक्ता गेला तिथे, ‘तुमच्या अमुक वाडीत अतिसार दर वर्षी जूनमध्येच का वाढतो?’ असा उलट प्रश्न क्वचितच येतो. मग लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तक्ता म्हणजे शेतसारा झाला. भरला की सुटलो.

याला उपाय म्हणून दिल्लीहून तज्ज्ञ आणावे लागतील असे मला वाटत नाही. शिकवायचे आहे ते फार थोडे : रुग्ण कोणाला म्हणायचे हे मोजण्याआधी ठरवणे, आजारी दहा म्हणताना एकूण किती त्यांतले दहा हे सांगणे, वाडीचा साधा नकाशा काढून त्यावर विहिरी, बोअर आणि शौचालये मांडणे, आणि आजारी घराबरोबर शेजारचे धडधाकट घरही विचारणे. सोहोचा तो तरुण धर्मोपदेशक याहून अधिक काही जाणत नव्हता. पुष्कळशा जिल्ह्यांच्या गावी जिल्हा परिषदेची इमारत आणि कॉलेज यांत सायकलने दहा मिनिटांचे अंतर असते. कॉलेजात संख्याशास्त्राचा प्राध्यापक असतो आणि त्याच्यापुढे खोटी उदाहरणे सोडवून कंटाळलेली पन्नास मुले असतात. जिल्हा परिषदेत खऱ्या आकड्यांची कपाटे भरलेली असतात आणि ती वाचायला माणूस नसतो. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने नावे-पत्ते झाकून एका तालुक्याचे मागच्या तीन पावसाळ्यांचे तक्ते त्या वर्गाकडे धाडावेत, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या शनिवारी त्या मुलांतल्या चार जणांना आरोग्य सेविकेबरोबर एखाद्या वाडीवर पाठवावे. एसटीच्या तिकिटाचा खर्च तेवढा मंजूर करून घ्यावा लागेल.